निवेदन की प्रस्ताव? पाण्यासाठी निधी मागणारं पत्र तपासताना

निवेदन असो की प्रस्ताव, दोन्हींच्या वर 'प्रति' असतं, खाली सरपंचांची सही आणि गोल शिक्का. विषयही एकच: गावाला शुद्ध पिण्याचं पाणी मिळण्याबाबत. म्हणून कंपनीच्या सीएसआर विभागाकडे, म्हणजे सामाजिक कामांना निधी देणाऱ्या विभागाकडे, बरेचदा निवेदनच जातं आणि प्रस्ताव दिला असं समजून गाव वाट पाहत बसतं.

निवेदन अडचण कानावर घालतं. आवक क्रमांक पडला, पोच मिळाली की त्याचं काम झालं. प्रस्ताव वाचून मात्र समोरच्याला मंजुरीची टिपणी लिहिता आली पाहिजे. त्यासाठी त्याला फोन करून चार गोष्टी विचाराव्या लागत असतील, तर ते निवेदनच आहे, भाषा कितीही कळकळीची असो.

'पाणी दूषित असून नागरिकांच्या आरोग्यास धोका आहे' हे निवेदनातलं वाक्य. प्रस्तावात तेच असं येईल: 'शाळेजवळच्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड प्रतिलिटर २.६ मिलिग्रॅम, मर्यादा १.५, अहवाल सोबत.' मात्र अहवाल कशाचा आहे, ते बघा. पुष्कळ पत्रांना टीडीएस मीटरच्या आकड्याचा फोटो जोडलेला असतो. त्या मीटरला पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज कळतो, फ्लोराइड कळत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस महत्त्वाचा आहेच, पण यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावात कमी टीडीएसचं पाणीही वाईट निघू शकतं. प्रत्येक स्रोताचा वेगळा नमुना प्रयोगशाळेत गेलेला हवा. 'या पाण्यानं किडन्या गेल्या' असं वैद्यकीय कागदाशिवाय लिहिलं असेल तर ते वाक्य काढून टाका. तपासणारा पहिला प्रश्न त्यावरच विचारतो, आणि खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा भरवसा उडतो.

पत्र सगळ्यात जास्त फसतं ते मागणीत. 'एक आरओ प्लांट मिळावा' एवढ्यानं काही कळत नाही. समजा, २५० कुटुंबं आणि घरटी रोज २० लिटरची एक कॅन, म्हणजे ५,००० लिटर. ताशी १,००० लिटरचं यंत्र पाच तास चाललं की भागतं. पण आत गेलेल्या पाण्यातलं निम्मंच शुद्ध होऊन बाहेर येत असेल, तर बोरिंगनं ताशी २,००० लिटर द्यायला हवं, तेही मे महिन्यात. पावसाळ्यात मोजलेली आवक पत्रात लिहिली की उन्हाळ्यात यंत्र बंद पडलंच म्हणून समजा. उरलेलं ५,००० लिटर जास्त खारं पाणी रोज कुठं सोडणार, हेही लिहिलेलं पाहिजे. विहिरीकडं उतार असलेल्या जागी सोडलं तर ते फिरून विहिरीतच मुरतं.

मग चालवण्याचा हिशेब. कॅनमागे ५ रुपये धरून २५० घरांचे महिन्याचे ३७,५०० होतात, पण सगळी घरं रोज कॅन नेत नाहीत. १५० घरं धरली तर २२,५०० येतात. त्यात ऑपरेटर, वीजबिल, फिल्टर आणि मेंब्रेन (क्षार अडवणारा आरओचा पडदा) बदलायची शिल्लक बसते का? हा तक्ता नसलेला प्रस्ताव अर्धाच समजा.

बाकी जोडण्या सोप्या: ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा, दरपत्रकं. पाण्याचं महत्त्व सांगायला दोन पानं घालवू नका. सीएसआरचा पैसा कोणत्या कामांवर खर्च करता येतो त्याची यादी कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि त्यात सुरक्षित पिण्याचं पाणी आधीच आहे. जलजीवन मिशनची (घरोघरी नळ देण्याची) योजना गावात असेल तर ती लपवू नका. माणशी ५५ लिटरचं नळाचं पाणी येत असताना आरओ कशाला, हे एका परिच्छेदात सांगा.

बोरिंगचा दांडा तुटलाय, टँकर दोन दिवस आला नाही, अशा वेळी मात्र प्रस्तावाचा घाट घालू नका. तिथं एका पानाचं निवेदन: बोरिंग कुठलं, कोणत्या तारखेपासून बंद, किती घरं अवलंबून. पंचायत समितीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.