मुंडीपासून कवटीपर्यंत

जीवशास्त्राच्या वर्गासाठी कवटी हवी असेल, तर बोकडाची मुंडी सर्वांत सोयीची. रानात सापडलेली हरणाची किंवा बिबट्याची कवटी उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 त्याला परवानगी देत नाही. खाटकाला मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवावं की मुंडी भाजायची नाही आणि फोडायचीही नाही. एरवी केस जाळायला ती जाळावर धरतात आणि भेजा काढायला मधोमध दोन भाग करतात. जाळ लागलेल्या मुंडीचे दात तडकतात आणि हाड ठिसूळ होतं.

हातमोजे घालूनच कामाला बसावं. कातडी, डोळे, जीभ आणि गालाचं जाड मांस काढून खालचा जबडा मोकळा करावा. कवटीच्या मागे, मज्जारज्जू जातो त्या मोठ्या भोकातून वाकवलेली तार आत फिरवून भेजा सैल करायचा आणि पाण्याच्या धारेने धुऊन काढायचा. सुरीने हाड खरवडू नये. ओरखडा कायमचा राहतो, आणि उरलेलं मांस काढायला जिवाणू आहेतच.

झाकणाच्या बादलीत कवटी पूर्ण बुडेल एवढं साधं पाणी घ्यावं आणि ती उबदार जागी ठेवावी. 25 ते 35 अंशांत दोन ते चार आठवड्यांत मांस विरघळल्यासारखं सुटतं. वास भयंकर येतो, म्हणून बादली वस्तीपासून लांब हवी. दर चार-पाच दिवसांनी निम्मंच पाणी बदलावं. सगळं ओतून दिलं तर कामाला लागलेले जिवाणूही जातात. पाणी नेहमी चाळणीतून गाळूनच झाडाच्या आळ्यात टाकावं. पुढचे दात एका मुळाचे आणि सैल असतात, ते गाळातच सापडतात. शिंगांची टरफलं काही दिवसांत हाताने पिळून निघतात. आतला हाडाचा खुंट कवटीचाच भाग असतो, तो तसाच राहू द्यावा.

घाईने उकळणं हीच सगळ्यात मोठी चूक. खळखळ उकळीने चरबी हाडात मुरते आणि पुढे कवटी पिवळी पडते. कोवळ्या बोकडाच्या हाडांमधल्या शिवणी जुळलेल्या नसतात, त्यामुळे कवटीचे तुकडे होतात. नाकपुडीतून आत टॉर्च मारून पाहावं: कागदासारख्या पातळ हाडांच्या सुरळ्या दिसतील. श्वासाची हवा ऊबदार आणि ओलसर करण्यासाठी त्या असतात. शिकवायला कवटीतला इतका सुंदर भाग दुसरा नाही, आणि उकळीत किंवा ब्रशच्या एका फटकाऱ्यात मोडतो तो हाच.

मांस सुटलं की चरबी. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून कवटी बुडवून ठेवावी, पाणी गढूळ झालं की बदलावं. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. बोकडाला काही आठवडे पुरतात, डुकराच्या कवटीला महिनेही लागतात. चरबी राहिलेली कवटी कितीही पांढरी केली तरी डाग वर येतातच.

पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात 20 व्हॉल्यूम मिळतं, म्हणजे साधारण 6 टक्के. त्यात तेवढंच पाणी मिसळून प्लास्टिकच्या डब्यात कवटी एक-दोन दिवस ठेवावी. ऑक्सिजन सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये. शिंगांची टरफलं यात घालू नयेत, त्यांचा रंग उडतो. कपड्यांचं ब्लीच तर अजिबात नको: ते हाडातलं कोलॅजन, म्हणजे हाडाला बांधून ठेवणारं प्रथिन, खातं, आणि वरून छान दिसणारी कवटी पुढे खडूसारखी भुगा होत जाते.

वाळवायची सावलीत, हळूहळू. उन्हात दात उभे चिरतात. मग दात पांढऱ्या फेविकॉलच्या थेंबाने बसवावेत, म्हणजे चूक झाली तर ओलं करून काढता येतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाला ती सोय नाही. वरच्या जबड्याला पुढे दात शोधू नयेत, तिथे नुसती कठीण गादी असते. खाली मात्र आठ. मधली जोडी साधारण सव्वा वर्षाला बदलते, पुढे वर्षागणिक शेजारची. सगळे दुधाचे असतील तर बोकड आदत, मधले दोन रुंद असतील तर दोनदाती. रुंद दात मध्ये आणि अरुंद कडेला, हा क्रम लावल्यावरच गोंद लावावा.