इलेक्ट्रॉन संरूपण

अणू किंवा आयन (विद्युत भारित अणू) यांतील इलेक्ट्रॉनांची कवचे (अणुकेंद्राभोवतीचे ऊर्जास्तर), उपकवचे (कवचांचे पोटभाग) व कक्षक (उपकवचांतील इलेक्ट्रॉनांच्या जागा) यांमधील वाटणी. के, एल, एम, एन ही कवचांची नावे क्ष-किरण वर्णपटांच्या अभ्यासातून आली. त्यांत अनुक्रमे २, ८, १८ व ३२ पर्यंत इलेक्ट्रॉन मावतात. एका कक्षकात दोनच, तेही विरुद्ध परिवलनाचे (स्पिनचे), हे बंधन व्होल्फगांग पाउली यांच्या १९२५ मधील अपवर्जन तत्त्वातून येते.

प्रधान पुंजांक (कवचाचा क्रमांक; के साठी १, एल साठी २ इ.) व कक्षीय पुंजांक (उपकवचाचा प्रकार; एस साठी ०, पी साठी १, डी साठी २, एफ साठी ३) यांची बेरीज ज्या उपकवचाची कमी, ते आधी भरते. बेरीज सारखी आल्यास लहान प्रधान पुंजांकाचे आधी. हा नियम बहुधा जर्मन भौतिकीविज्ञ एर्व्हीन माडेलुंग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९३६ मध्ये ग्रंथात छापला. फ्रान्स व रशियात सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ क्लेचकोव्हस्की यांचे नाव देतात, पण त्यांचे विवेचन बरेच नंतरचे आहे. मुंग्या व गांधीलमाश्यांचे अभ्यासक म्हणूनही परिचित असलेले फ्रेंच अभियंते शार्ल जाने यांच्या १९२८ च्या सुमाराच्या आवर्त सारणीत उपकवचे याच क्रमाने लागलेली दिसतात; तेव्हा अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. नियमाला अपवाद आहेत. क्रोमियम व तांबे यांच्या ४एस (चौथ्या कवचाचे एस उपकवच) मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो, तर पॅलॅडियमचे ५एस रिकामेच असते.

आयनांच्या बाबतीत हा क्रम उलटा लावून चालत नाही. लोहाच्या अणूत ३डी मध्ये ६ व ४एस मध्ये २ इलेक्ट्रॉन असतात. द्विसंयुजी आयन होताना ४एस मधले दोन्ही जातात, त्रिसंयुजी होताना ३डी मधला आणखी एक. ‘४एस आधी भरते’ हे पाठ्यपुस्तकी विधान काटेकोरपणे पोटॅशियम व कॅल्शियम यांनाच लागू पडते. पोटॅशियमचा अणू, कॅल्शियमचा एकसंयुजी आयन व स्कँडियमचा द्विसंयुजी आयन या तिघांत इलेक्ट्रॉन १९च. तरी पहिल्या दोहोंत शेवटचा इलेक्ट्रॉन ४एस मध्ये, तर तिसऱ्यात ३डी मध्ये असतो. अणुकेंद्राचा विद्युत भार १९ वरून २१ वर जाताच ३डी ची ऊर्जा ४एस च्या खाली उतरते.

लँथॅनाइडांच्या (लँथॅनम व त्यापुढील मूलद्रव्यांच्या) त्रिसंयुजी आयनांत ६एस व ५डी रिकामी होऊन या तीन उपकवचांपैकी केवळ ४एफ मधील इलेक्ट्रॉन उरतात. गॅडोलिनियमच्या आयनात ते सात असून सातही अयुग्मित (कक्षकात एकेकटे) असतात. एमआरआय तपासणीपूर्वी शिरेतून देतात त्या काही द्रव्यांत हाच आयन असतो.