२५२० ही ‘एकमेव’ संख्या नव्हे

१ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी जगातील एकमेव संख्या २५२० असून ती श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातील ‘एकमेव’ हा शब्द साफ चुकीचा आहे. २५२० हा १ ते १० चा लसावि, म्हणजे अशी सर्वांत लहान संख्या. तिची ५०४०, ७५६० अशी कोणतीही पट घेतली तरी बाकी शून्यच उरते. ८ × ९ × ५ × ७ करून पाहावे, २५२० मिळतात, आणि ६ व १० त्यात आपोआप सामावतात.

आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० आणि वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकारही २५२० येतो, असेही हा संदेश सांगतो; ते खरे, पण ती याच मूळ अवयवांची निराळी मांडणी आहे (शिवाय फेब्रुवारीला ३० दिवस कधी असतात?).

लसावि काढण्याची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडलाही ठाऊक होती, त्यामुळे शोधाचा दावा टिकत नाही. रामानुजन यांचा खरा संबंध निराळा आहे: आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांचे विभाजक अधिक, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, आणि ४८ विभाजकांची २५२० ही त्यांपैकीच एक आहे.