भरती सांगता येते, पाऊस का नाही?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पुढील वर्षीच्या नारळी पौर्णिमेला भरती किती वाजता येईल आणि पाणी साधारण किती चढेल, हे आजच गणिताने काढता येते. त्या दिवशी रत्नागिरीत पाऊस पडेल की ऊन असेल, हे मात्र जगातील कोणतीही वेधशाळा आज सांगू शकत नाही. समुद्राचे पाणी आणि आकाशातील हवा ही दोन्ही गतीचे तेच नियम पाळतात, आणि ते नियम न्यूटनच्या काळापासून ठाऊक आहेत. तरीही एका ठिकाणी ज्ञान मिनिटांपर्यंत नेमके आणि दुसऱ्या ठिकाणी चार-आठ दिवसांतच धूसर होते. जून उजाडला की कोकणात हवामान खात्यावर जी टीका सुरू होते तिच्यामागे बहुधा अशी समजूत असते की यंत्रे वाढवली आणि माणसे कामसू असली की हा फरक मिटेल. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या समजुतीला फक्त अर्धा दुजोरा देतो.

भरतीचे ठोकताळे किनाऱ्यावर फार जुने आहेत. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब उत्तर कोकणातील जुन्या पिढीला तोंडपाठ असे. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, असे ते गणित. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असल्याने एका तिथीमागे हा उशीर सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटांचा, आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक साठते. होडी खाडीबाहेर काढण्यासाठी एवढी अचूकता पुरेशी होती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, हेही अनुभवाने पक्के झालेले होते. कारण ठाऊक नसतानाही हा ठोकताळा टिकला, कारण त्याने नेमका चंद्रच धरला होता.

कारण सांगितले ते न्यूटनने १६८७ मध्ये. मात्र गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून अमुक बंदरातील अमुक दिवसाची भरती काढणे त्याला शक्य नव्हते, कारण समुद्राची खोली, किनाऱ्याचा आकार आणि आखातांची लांबी यांमुळे लाट जागोजागी वेगळी वागते. कोकणातच पाहिले तर मुंबईला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि दक्षिणेकडे वेंगुर्ल्यापर्यंत तो बराच कमी होतो. फ्रेंच गणिती लाप्लास याने १७७५ च्या सुमारास वाहत्या पाण्याची समीकरणे मांडून ही अडचण अर्धी सोडवली. उरलेली अर्धी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७ पासून हाती घेतली. त्यांची युक्ती अशी होती की किनाऱ्याच्या आकाराचा हिशेब मुळात करूच नये. चंद्र-सूर्याच्या गतीतून जे ठरावीक आवर्तनकाळ येतात (त्यांतील मुख्य १२ तास २५ मिनिटांचा), तेवढे घ्यावेत आणि प्रत्येक आवर्तनाचा त्या बंदरातील जोर किती, हे प्रत्यक्ष नोंदींवरून काढावे. किनारा कसाही असो, नोंदीत त्याचा परिणाम आपोआप आलेला असतो.

यासाठी दीर्घ नोंदी हव्या होत्या, आणि येथे आपला किनारा या कथेत येतो. भारतीय सर्वेक्षण विभागातील बेअर्ड या अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात भरतीमापनाचे काम उभारले. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे आणि आशियातील सर्वांत दीर्घ नोंदींत तिची गणना होते. त्या आकड्यांवरून पुढील वर्षाची भरती काढण्यासाठी १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स याच्या देखरेखीखाली भारत सरकारसाठी एक यंत्र तयार झाले. त्यात प्रत्येक आवर्तनासाठी एक कप्पी होती, सगळ्या कप्प्यांवरून एकच तार जाई आणि तारेच्या टोकाची लेखणी कागदावर भरतीची वक्ररेषा काढी. हे यंत्र तेव्हा इंग्लंडातच होते. मुंबईच्या समुद्राला पुढच्या वर्षी कधी भरती येणार, हे त्या काळी इंग्लंडात हँडल फिरवून ठरत असे आणि छापील कोष्टके बोटीने इकडे येत. आज हे काम सर्वेक्षण विभाग डेहराडूनहून करतो, पण पद्धतीचा गाभा केल्विनचाच आहे.

भरतीच्या या यशाने एकोणिसाव्या शतकातील विज्ञानाला मोठा आत्मविश्वास दिला. ज्या लाप्लासने भरतीची समीकरणे लिहिली त्यानेच १८१४ मध्ये असा विचार मांडला होता की विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरील सर्व बले एखाद्या बुद्धीला कळली, तर तिला भूत आणि भविष्य सारखेच स्पष्ट दिसेल. समुद्र या म्हणण्याला बळ देत होता. आता पाळी पावसाची होती.

पावसाचेही आपले ठोकताळे होते. मृगाला सुरुवात, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, शेवटी हत्तीचा, ही मांडणी कोकणी शेतकऱ्याच्या बोलण्यात आजही आहे. तिच्याकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवर ठरतात, म्हणून मृग दर वर्षी ७-८ जूनच्या सुमारास लागतो, आणि दक्षिण कोकणात मान्सून पोहोचण्याची सरासरी वेळही तीच आहे. म्हणजे नक्षत्रे ऋतूची सरासरी बरोबर सांगतात. या वर्षीचा मृग कोरडा जाईल की ओला, हे ती सांगत नाहीत, आणि त्यासाठी पंचांगात दिलेली बेडूक-म्हैस-हत्ती ही वाहने मात्र कोणत्याही कसोटीवर उतरणारी नाहीत.

यंत्रांनी मोजमाप सुरू झाले ते कुलाब्याला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तेथे वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ पासून चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे पद्धतशीर होऊ लागली. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिचे चुंबकीय काम पुढे अलिबागला हलवावे लागले, १९०४ मध्ये उभी राहिलेली ती वेधशाळा आजही चालू आहे.) भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले. त्यामागे १८६४ चे कलकत्त्याचे वादळ आणि लागोपाठचे दुष्काळ होते, त्यामुळे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडून सरकारची पहिली अपेक्षा होती ती दुष्काळ आधी सांगण्याची. हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा मान्सून दुबळा, हा संबंध धरून त्यांनी १८८६ मध्ये पहिला नियमित हंगामी अंदाज दिला. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज वर्तवला आणि त्या वर्षी देशाने भीषण दुष्काळ पाहिला.

१९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती होते; हवामानशास्त्राचा त्यांना अनुभव नव्हता. भरतीत केल्विनने जे केले, तसेच काहीसे त्यांनी पावसाबाबत केले, म्हणजे कारणांच्या मागे न लागता जगभरच्या नोंदींतून पावसाशी जुळणारे आकडे शोधले. भारतीय कारकुनांच्या तुकडीकडून हातांनी केलेल्या या प्रचंड आकडेमोडीतून त्यांना हिंदी आणि प्रशांत महासागरांवरील हवेचा दाब एका तराजूसारखा वरखाली होतो असे आढळले, आणि १९२४ च्या सुमारास त्यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याशी, त्याचा असलेला संबंध १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्येर्कनेस यांनी उलगडला. हा शोध मोलाचा ठरला, पण मूळ हेतू साधला नाही. आज जुळणारा आकडा वीस-तीस वर्षांनी जुळेनासा होई. भरतीच्या मागे चंद्र होता, ज्याचा आवर्तनकाळ बदलत नाही. पावसाच्या मागे तसे कोणतेही घड्याळ सापडले नाही.

दुसरा मार्ग होता समीकरणांचा. इंग्लंडचे लुईस फ्राय रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका दलात काम करत असताना, २० मे १९१० या एका दिवसाचे हवामान हाताने सोडवून पाहिले. उत्तर असे आले की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार बदलेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. तरीही १९२२ मध्ये त्यांनी हे अपयश आकड्यांसह छापले, हे विज्ञानाच्या इतिहासातील फार सन्माननीय कृत्यांपैकी एक मानावे लागेल. त्यांची पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या आकड्यांतील असमतोल नडला होता. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकावर पहिला यशस्वी अंदाज निघाला, तेव्हा आता फक्त मोठे संगणक हवेत असे सर्वांना वाटू लागले.

त्या आशेची मर्यादा १९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या खोलीत उघड झाली. हवामानाचे एक साधे प्रारूप, म्हणजे समीकरणांचा नमुना, संगणकावर पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा छापील आकडा घातला. थोड्या वेळाने दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. १९६३ च्या निबंधात त्यांनी याचे गणित मांडले, आणि १९६९ मध्ये त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. फुलपाखराने पंख हलवले की दूर कुठे वादळ उठते, हा दाखला इतका वापरून झाला आहे की ती मुख्य गोष्टच झाकली जाते, म्हणून ती येथे नीट सांगितली पाहिजे.

समजा, अंदाजातील चूक दर दोन दिवसांनी दुप्पट होते. मग सुरुवातीची चूक निम्मी केली की अंदाज दोन दिवस पुढे सरकतो, पुन्हा निम्मी केली की आणखी दोन दिवस. हे महाग असले तरी यात शेवट नाही. लॉरेन्झ यांनी दाखवले की हवेत तसे होत नाही. जितका भोवरा लहान, तितकी त्यातील चूक वेगाने वाढते. एका ढगातील चूक तासाभरात दुप्पट होते आणि मग मोठ्या प्रवाहांत शिरते. त्यामुळे निरीक्षणे सूक्ष्म करत गेलो की दर वेळी मिळणारी वाढ आधीपेक्षा कमी असते, आणि या सगळ्या वाढींची बेरीज सुमारे दोन आठवड्यांच्या आसपास थांबते. सह्याद्रीच्या प्रत्येक कड्यावर तापमापक बसवले तरी ही मर्यादा ओलांडता येणार नाही. येथे अज्ञान उपकरणांचे नाही, ते वस्तूच्या स्वभावातच आहे, आणि हे आपल्याला कळले तेही समीकरणांमुळेच. ग्रहगोलही या नियमाला अपवाद नाहीत. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये दाखवले की पृथ्वीसह आतल्या ग्रहांच्या कक्षांचे गणितही काही कोटी वर्षांपलीकडे टिकत नाही. भरतीच्या कोष्टकाला त्याने काहीच फरक पडत नाही, कारण ते वर्षभरासाठीच हवे असते.

मग चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज एप्रिलमध्ये कशाच्या आधारे दिला जातो? याचे उत्तर हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये दिले. समुद्राचे तापमान, बर्फ, जमिनीतील ओलावा या गोष्टी सावकाश बदलतात आणि हवेला एका दिशेने ढकलत राहतात. म्हणून कोणत्या दिवशी पाऊस पडेल हे कळत नसले तरी हंगामाची सरासरी काही प्रमाणात कळू शकते. मात्र हे प्रमाण मर्यादित आहे. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये आलेल्या सोळा घटकांच्या प्रारूपाने अनेक वर्षे देशाची सरासरी बऱ्यापैकी सांगितली आणि २००२ मध्ये, जुलै जवळजवळ कोरडा गेला तेव्हा, ते साफ फसले. त्याआधी १९९७ मध्ये प्रशांत महासागरात अतितीव्र एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला होता. शिवाय देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आणि एकट्या कोकण-गोव्याची त्याच्या तिपटीहून अधिक. ‘देशात सरासरीच्या १०५ टक्के’ या वाक्यातून दापोलीच्या शेतकऱ्याला धूळवाफेची (पावसाआधीच्या कोरड्या मातीतली) पेरणी कधी करावी हे कळण्याची शक्यता मुळातच नसते.

मर्यादा काळाची आहे तशी जागेचीही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तेथून वीस-बावीस किलोमीटरवरील कुलाब्याला ७३ मिलिमीटर. याउलट ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले तेव्हा दोन दिवस आधीपासून किनारा सावध होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळ-पोफळीच्या बागा वाचल्या नाहीत, पण हजारो माणसे आधीच सुरक्षित जागी हलवली गेली होती. शेकडो किलोमीटर पसरलेले वादळ मोठ्या प्रवाहांबरोबर सरकते आणि म्हणून दिसते. प्रारूप नकाशाचे चौकटींत तुकडे करून हिशेब करते, आणि काही किलोमीटरचा ढग त्या चौकटींतून निसटतो. त्या चौकटी लहान होत चालल्या आहेत. हवामान खात्याच्या जागतिक प्रारूपात त्या १२ किलोमीटरच्या होत्या, २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रणालीत ६ किलोमीटरच्या आहेत. भरतीचे कोष्टकही या अनिश्चिततेपासून पूर्ण मुक्त नाही, कारण त्यात वारा आणि हवेचा दाब धरलेला नसतो. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते, आणि वादळात वाऱ्याने लोटलेले पाणी त्यात मिसळते.

सध्या सर्वाधिक काम दोन ते चार आठवड्यांच्या पट्ट्यावर चालू आहे. मान्सूनचे ढग विषुववृत्ताकडून उत्तरेला ३० ते ६० दिवसांच्या फेऱ्यांनी सरकतात, हे डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांच्या १९८० मधील अभ्यासात उपग्रहचित्रांवरून पुढे आले होते. या फेऱ्यांच्या आधारे हवामान खाते आता दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज देते, तोही एका उत्तराऐवजी किंचित वेगळ्या सुरुवातींतून निघालेल्या अनेक उत्तरांच्या संभाव्यतेच्या रूपात. आवणातील (भाताच्या रोपवाटिकेतील) रोपे लावणीला आली असताना पावसाचा खंड पडणार का, या प्रश्नाला पहिल्या दोन आठवड्यांपुरते त्यातून कामाचे उत्तर मिळते. तिसऱ्या आठवड्यात ते बरेच सैल होते आणि चौथ्यात नुसत्या सरासरीपेक्षा फारसे वेगळे राहत नाही.