रेझिस्टर प्लसच्याच पायाला? तसं काही नाही

'एलईडीला रेझिस्टर (करंटला आवर घालणारा छोटा भाग) प्लसच्या बाजूलाच लावायचा, मायनसला लावलास तर करंट आधी एलईडीत घुसतो आणि तो उडतो.' हे मी शाळेत असताना ऐकलं, परवा भाच्याच्या प्रोजेक्टमधला एलईडी उडाला तेव्हा पुन्हा ऐकलं.

करंट काही रांगेत येत नाही. एकामागोमाग जोडलेल्या सर्किटमध्ये तो सगळीकडे एकाच वेळी सारखाच असतो. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी (त्यावर साधारण २ व्होल्ट पडतात) आणि ४७० ओहमचा रेझिस्टर घ्या. उरलेले ७ व्होल्ट भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर. रेझिस्टर कुठल्याही पायाला लावा, मल्टिमीटर (करंट मोजायचं यंत्र) तेच दाखवतो. हवं तर अदलाबदल करून पाहा, दोन मिनिटांचं काम.

मग भाच्याचा एलईडी का उडाला? रेझिस्टर किती ओहमचा ते त्यावरचे रंगीत पट्टे सांगतात. तो हातात घेऊन उजेडात धरला: पिवळा, जांभळा, काळा. म्हणजे ४७ ओहम! ४७० ला तिसरा पट्टा तपकिरी असतो, आणि ट्यूबलाइटखाली तपकिरी-काळ्यात माझीही फसगत होते. ४७ वर करंट जवळपास १५० मिलिअँपिअर. साधा एलईडी २० मिलिअँपिअरचा. पाव वॉटचा तो बिचारा रेझिस्टरही बोट भाजेल इतका तापला होता.

रेझिस्टर कुठल्या बाजूला लावायचा हा प्रश्न खरा येतो तो गाडीत. तिथे बॉडीच मायनस. रेझिस्टर मायनसकडे असेल आणि एलईडीचा आखूड (म्हणजे मायनसचा) पाय पत्र्याला टेकला, तर रेझिस्टर वगळून करंट थेट जातो. तिथे रेझिस्टर खुशाल प्लसकडे लावा.