गायतोंडे, वासुदेव संतू

(२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). भारतीय अमूर्त चित्रकलेतील अग्रगण्य चित्रकार. जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे, बालपण मुंबईत गिरगावात. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली आणि पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटात त्यांचा समावेश झाला. मात्र गटातल्या वादचर्चांपेक्षा त्यांना एकांत अधिक मानवत असे.

सुरुवातीच्या चित्रांत माणसे आहेत. सपाट, तेजस्वी रंग आणि ठसठशीत रेषा, यांत भारतीय लघुचित्रांचा अभ्यास उघड दिसतो. स्विस-जर्मन आधुनिक चित्रकार पॉल क्लेच्या चित्रांनी ही रेषा मोकळी केली. आकृत्या हळूहळू विरत गेल्या, उरली ती चिन्हे आणि त्यांच्यातली अंतरे. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हा हे स्थित्यंतर चालूच होते.

खरा पालट साधनांतून घडला, असे म्हणायला हवे. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या आगेमागे त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाइफ (रंग पसरण्या-खरवडण्याची पातळ सुरी) हाती घेतले. ब्रशच्या फटकाऱ्यात चित्रकाराचा हात दिसतो. रोलर ती खूण पुसून टाकतो. पातळ तैलरंगाचा थर पसरायचा, तो काही अंशी खरवडायचा किंवा कागदाच्या तुकड्यांनी टिपून घ्यायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर पुढचा थर. कागद उचलल्यावर जे ठसे उमटत, त्यांतले कोणते ठेवायचे हा निर्णय सर्वांत अवघड. अशा कित्येक पारदर्शक थरांमुळे उजेड कॅनव्हासच्या आतून येत असल्यासारखा वाटतो. त्यांच्या चित्रांना सरसकट ‘ध्यानमग्न’ म्हणून मोकळे होणाऱ्यांच्या नजरेतून ही कारागिरी निसटते, हे खेदाचे आहे.

रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर १९६४ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तिथली अमूर्त चित्रे त्यांनी जवळून पाहिली, पण अनुकरण केले नाही. ब्रश तर त्यांनी या दौऱ्याआधीच सोडला होता. आडव्या कॅनव्हासवर क्षितिजाचा भास होत असे. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी उभा कॅनव्हास पत्करला आणि निसर्गदृश्याचा तो उरलासुरला धागाही तुटला. आपल्या कामाला ते ‘अमूर्त’ न म्हणता ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (वस्तुनिरपेक्ष) म्हणत, कारण कोणत्याही दृश्य वस्तूचे सार काढणे हा त्यांचा हेतूच नव्हता. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही.

झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांचे त्यांना आकर्षण होते. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. बाकीचा काळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते दिल्लीला निजामुद्दीन भागात राहायला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, नंतर मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान.

१९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. त्यानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास हाताळणे त्यांना शक्य झाले नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने रेखाटने केली. लेखनासारख्या भासणाऱ्या, पण कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या या खुणांमध्ये तरुणपणीची रेषा पुन्हा भेटते. त्यांच्या तैलचित्रांइतकाच या रेखाटनांचा अभ्यास व्हायला हवा.

लोकांचे व्यापक लक्ष त्यांच्याकडे गेले ते मृत्यूनंतर. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कलासंग्रहात त्यांची चित्रे आहेत. शक्य असेल त्याने मूळ चित्रच पाहावे आणि थोडे बाजूला सरकून पाहावे: रंगाचे खडबडीत उंचवटे आणि खरवडलेल्या जागा छापील प्रतीत येत नाहीत.