ओलीस: तहाच्या जामिनापासून मोसुलपर्यंत

युद्धाच्या मुलखात कुणाला पळवून नेऊन मारल्याची बातमी आली, की बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला: "आपल्यातलं कोण हाय काय त्यात?" २०१४ च्या जूनमध्ये इराकमधल्या मोसुलमध्ये भारतीय मजूर पळवल्याची बातमी आली, त्या वेळी शहापुरातल्या एका सलूनमध्ये हाच प्रश्न ऐकला. आपल्यातलं कुणी नव्हतं. तरी खुर्चीतला म्हातारा अर्ध्या दाढीनिशी गप्प झाला. त्याचा नातू कुवेतला सेंट्रिंगच्या कामावर होता.

'ओलीस' शब्द आपल्याकडे जुना, पण पूर्वी ओलीस म्हणजे तहाचा जामीन. इंग्रज आणि मराठ्यांच्या टिपूशी झालेल्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने धारवाडच्या किल्ल्याला सहा महिन्यांहून जास्त वेढा घातला होता. ते युद्ध १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने मिटलं. टिपूने निम्मं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये कबूल केले, आणि पैसे फिटेपर्यंत आपली दोन मुलं इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या ताब्यात दिली. एक दहा वर्षांचा, दुसरा आठ. १७९४ मध्ये ती सुखरूप परत गेली. लहान पोरांना असं गहाण टाकणं निर्दयच, पण कुणाला ठेवायचं, कशासाठी आणि केव्हा सोडायचं, सगळं बोलून ठरलेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी ताब्यातल्या गावांतली साधी माणसं ओलीस धरून गोळ्या घातल्या. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ३४ व्या कलमाने ओलीस धरण्यालाच बंदी केली. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा वेगळा करारही झाला. करारांवर सह्या देशांच्या. टोळ्यांना त्याचं काय?

१९९५ च्या जुलैत पहलगामजवळच्या डोंगरात सहा परदेशी पर्यटक पळवले गेले. मागणी होती तुरुंगातले अतिरेकी सोडण्याची. एक निसटला, नॉर्वेच्या तरुणाचा शिरच्छेद झाला, उरलेले चौघे सापडलेच नाहीत. ट्रेकिंगला आलेली ही माणसं त्या भांडणात कुणाच्याच बाजूची नव्हती. पुढे भारतीयांवर पाळी आली. अफगाणिस्तानात झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपली सीमा सडक संघटना बांधत होती. नोव्हेंबर २००५ मध्ये तिचा एक ड्रायव्हर तालिबानने नेला, मुदत दिली आणि मारला. एप्रिल २००६ मध्ये एका टेलिकॉम इंजिनिअरचंही तेच झालं.

मोसुलमध्ये मागणीही नव्हती. 'इसिस'ने नेलेले ३९ भारतीय मजूर, त्यात २७ पंजाबचे. घरचे जवळजवळ चार वर्षं फोनची वाट बघत राहिले. मृतदेह बदूशजवळच्या टेकडीत पुरलेले निघाले, डीएनए जुळवून ओळख पटली आणि २० मार्च २०१८ ला तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं. त्याच इराकमधून ४६ भारतीय नर्स सुखरूप आल्या होत्या. २०१५ मध्ये लिबियात सिर्त इथे पकडलेल्या चार भारतीयांपैकी कर्नाटकचे दोघे दोन दिवसांत सुटले. कोण सुटेल, कोण नाही, याला हिशेब लागत नाही.

सरकारच्या हाती १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा, म्हणजे उत्प्रवासाची तपासणी हवी असा, शेरा येतो; इराक, येमेन, लिबियासारख्या देशांत कामाला जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. मोसुलच्या मजुरांची दूतावासात नोंदच नव्हती, असं सरकारने नंतर सांगितलं. एजंट दुबईचा व्हिजिट व्हिसा हातात देतो आणि पुढचा देश तिथे पोचल्यावर सांगतो. घरी मात्र सगळ्यांना माहीत असतं, पोरगं दुबईला आहे.